दुपारी दीडनंतरचे बालपण

गोव्यातील बहुतेक शाळा सकाळी आठच्या सुमारास भरतात आणि दुपारी एक-दीडपर्यंत सुटतात. अंगणवाड्याही दुपारपर्यंतच चालतात. ही वेळ पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेली असल्यामुळे तिच्याविषयी कोणी प्रश्न विचारत नाही. मात्र शाळा सुटल्यापासून आईवडील कामावरून परतेपर्यंतचे पाच-सहा तास मूल कुठे असते, कोणाबरोबर असते आणि काय करत असते, याचे उत्तर गेल्या तीस-चाळीस वर्षांत पार बदलून गेले आहे. मुलांच्या घडणीविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती एक तर शाळेच्या माध्यमाभोवती फिरते, नाही तर आईवडिलांच्या संस्कारांभोवती. प्राथमिक शिक्षणात केवळ प्रादेशिक भाषांतील शाळांना अनुदान देण्याचे 1990 चे धोरण आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही अनुदान खुले करणारा 2011 चा निर्णय यांवरून गोव्याचे राजकारण ढवळून निघाले. त्या वादाचे महत्त्व मला मान्य आहे. पण ज्या मुलाच्या भाषेसाठी इतकी माणसे रस्त्यावर आली, त्याच मुलाच्या दुपारसाठी कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. मुलाची दुपार ही त्याच्या घरापुरती खासगी बाब आहे, असे आपण धरून चालतो. हे गृहीतकच चुकीचे आहे, आणि त्याची किंमत मुले मोजत आहेत, असे माझे म्हणणे आहे.

वाड्यावरची, म्हणजे गावातल्या वस्तीवरची, जुनी दुपार कशी असे, हे पन्नाशीच्या पुढच्या गोमंतकीयांना सांगावे लागणार नाही. पेज-निवळ किंवा शितकढी जेवून आजी ओसरीवर आडवी होई, पण तिचा एक कान अंगणाकडे असे. चार घरांतली मुले एका घराच्या मागीलदारी जमत आणि तिथे काही गैर घडले तर ओरडण्याचा अधिकार पाचव्या घरातल्या बाईलाही असे. भातकापणी झाली की शेते कोरडी पडत आणि त्यांत फुटबॉल सुरू होई. खेळाचे नियम, भांडणांचे निवाडे, लहानग्यांना ‘कच्चा लिंबू’ म्हणून सामावून घेणे, हे सगळे मुलेच ठरवत. मोठी माणसे हाकेच्या अंतरावर असत, अंगावर नसत. मूल वाढण्यासाठी एवढे अंतर फार मोलाचे असते.

या दुपारींत शिकणे किती होते, याचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही. चवथीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत मुले मोठ्यांबरोबर माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचे, सामान आणायला रानात जात. माट्टीची फळे, कवंडळे, कांगले, आंबाडे, तोरिंग, सुपारीचे घोस अशा एकेका वस्तूबरोबर तिचे नाव, तिचे झाड, ती कुठे सापडते आणि कुठली तोंडात घालायची नाही, हे कळत जाई. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत आजही असे शिकलेली मुले आहेत आणि वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाला हात लावण्याआधी त्यांना पाचपन्नास झाडे ओळखता येतात. घुमट या मातीच्या तालवाद्यावर होणाऱ्या घुमट आरतीचेही तसेच. घुमट वाजवण्याचे वर्ग आता निघाले आहेत, पण पूर्वी मूल आधी मोठ्यांच्या मांडीशी बसून कासाळे (झांजा) धरी, मग टाळी चुकली की कोणी तरी गुडघ्यावर थाप मारून ताल दाखवी, आणि दोनचार चवथी गेल्या की घुमट त्याच्या हातात येई. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की (1896–1934) यांनी मांडलेला सिद्धान्त हाच आहे: मूल जे कौशल्य आज दुसऱ्याच्या मदतीने वापरते ते उद्या स्वतःचे म्हणून वापरते, विचार, भाषा, संयम या गोष्टी आधी माणसामाणसांत असतात आणि मग मुलाच्या आत उतरतात. म्हणजे मुलाभोवती कोणती माणसे किती वेळ आहेत, यावर त्याच्या बुद्धीचा आकार ठरतो. हे केवळ प्रेमाचे किंवा शिस्तीचे काम नव्हे.

एवढे लिहिल्यावर थांबलो तर हा लेख जुन्या काळाची आरती ठरेल, आणि ते मला मुळीच मान्य नाही. वाडा जसा मुलांना घडवी तसाच तो त्यांना आखूनही टाकी. कोणाच्या विहिरीवर जायचे नाही, कोणाच्या घरात पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा नाही, देवळात कुठपर्यंत उभे राहायचे, हे मुलाला पाच-सहा वर्षांच्या वयातच नेमके ठाऊक झालेले असे, आणि ते त्याला कोणी व्याख्यान देऊन शिकवत नसे. घुमटाचे शिक्षणही मुलग्यांसाठीच होते. त्याच वयाची बहीण आत पातोळ्यांसाठी हळदीची पाने पुसत असे. महिलांची घुमट आरती पथके अलीकडे उभी राहिली आहेत, यावरून त्या मुलींचे हात ताल धरण्यास असमर्थ नव्हते, हे उघड होते.

समाज बालपण कसे घडवतो याचा सर्वांत कठोर पुरावा गोव्याच्या देवळांच्या इतिहासात आहे. देवस्थानांशी जोडलेल्या कलावंत कुटुंबांत जन्मलेल्या मुलीचे आयुष्य तिच्या जन्माच्या वेळीच ठरलेले असे. मुलीला देवस्थानाच्या सेवेला वाहण्याचा शेंस विधी झाला की लग्नाचा मार्ग बंद होई आणि गाणे, नाचणे व कोणा धनिकाचा आश्रय एवढीच वाट उरे. त्या घरातला मुलगा तबल्याकडे किंवा सारंगीकडे वळे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या थोर गायिका याच परंपरेतून आल्या, आणि केसरबाईंचा आवाज 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेतून अंतराळातही गेला, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण ज्या मुलींचा गळा बेताचा होता आणि गणित उत्तम होते, त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत? राजाराम पैंगीणकरांसारख्या सुधारकांनी या समाजाला ती प्रथा सोडायला लावण्यासाठी आयुष्य वेचले, समाजाने संघटना बांधली, मुलींची लग्ने होऊ लागली, मुले शाळेत गेली. दोन-तीन पिढ्यांत याच समाजातून डॉक्टर, अभियंते, शिक्षक, वकील निर्माण झाले, आणि 1963 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकरही याच समाजातले. या काळात त्या घरांत जन्मणाऱ्या मुलांच्या रक्तात काही फरक पडला नव्हता. फरक पडला तो मुलाकडून काय अपेक्षित आहे याविषयीच्या आजूबाजूच्या माणसांच्या कल्पनेत. ज्यांना मुलाची कुवत ही केवळ जन्मजात वाटते, त्यांनी आपल्याच प्रदेशाचा हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवावा.

म्हणून जुना वाडा परत आणा, असे मी म्हणत नाही, आणि तो येणारही नाही. 2011 च्या जनगणनेनुसार गोव्याची 62 टक्के लोकसंख्या शहरी भागात राहते. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा एकूण जननदर 1.3 इतका खाली आलेला दिसतो. याचा सरळ अर्थ असा की आजच्या बहुतेक मुलांना एक भावंड आहे किंवा तेही नाही. चुलत भावंडे वेगळ्या गावी किंवा वेगळ्या देशात. आईवडील दोघेही नोकरीवर. शेतांवर भराव पडले, काही कुंपणात गेली, आणि वाड्यावरच्या ज्या रस्त्यावरून पूर्वी दिवसाला एखादी गाडी जाई तिथून आता भाड्याच्या दुचाकी इतक्या वेगाने जातात की आठ वर्षांच्या मुलाला एकट्याने शेजारच्या घरी पाठवायला आईचा जीव धजावत नाही. हा तिचा भित्रेपणा नाही. रस्ता ज्यांनी रुंद केला आणि पदपथ ज्यांनी केला नाही, त्यांनी त्या मुलाचे मैत्र तोडले आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी 1979 मध्ये मांडलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. मूल जिथे कधी पाऊलही टाकत नाही अशा ठिकाणी घेतलेले निर्णयही त्याला घडवतात, असे त्यांनी दाखवून दिले. वेर्णा किंवा कुंडई औद्योगिक वसाहतीतील कारखान्याने पाळीची वेळ बदलली तर फोंड्याजवळच्या खेड्यातील सात वर्षांच्या मुलीची झोप बदलते. तारवटी बाप सहा-आठ महिने जहाजावर असतो आणि घरी येतो तेव्हा मुलाला तो पाहुणा वाटतो. कळंगुटच्या हॉटेलात काम करणाऱ्या आईला डिसेंबर महिन्यात सुटी मिळत नाही, आणि नाताळाच्या सुटीत मूल घरी असते ते नेमके याच महिन्यात. या तिन्ही घरांत प्रेमाची कमतरता नाही. पण संगोपन म्हणजे केवळ प्रेम नव्हे, वेळ आणि जागा हेही त्याचे घटक आहेत, आणि हे दोन्ही घटक आता आईवडिलांच्या हातात उरलेले नाहीत.

रिकाम्या झालेल्या या दुपारीत दोन गोष्टी शिरल्या: शिकवणी आणि मोबाइल. ज्यांना परवडते त्यांची मुले शाळा सुटल्यावर तासाभरात पुन्हा पाठीवर दप्तर घेऊन बाहेर पडतात. शिकवणीहून चित्रकला, तिथून कराटे, तिथून संगीत अशी ती रिक्षाने किंवा आजोबांच्या स्कूटरवरून हिंडत असतात. प्रत्येक ठिकाणी एक मोठे माणूस सूचना देते आणि मूल त्या पाळते. आपणहून खेळ उभा करणे, कंटाळा आल्यावर त्यातून काही शोधून काढणे, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मुलांसमोर उभे राहणे, यांसाठी या वेळापत्रकात मोकळी जागाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी केलेल्या शिफारशींत तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात किमान तीन तास हालचालीत घालवावेत आणि पडद्यासमोरचा वेळ एका तासापेक्षा जास्त नसावा, असे म्हटले आहे. फ्लॅटमध्ये थकलेल्या आजीजवळ ठेवलेल्या मुलाच्या बाबतीत हे प्रमाण बहुधा नेमके उलटे होते. आजीला दोष देणे सोपे आहे, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईने दुसऱ्या मजल्यावरून तीन वर्षांच्या मुलाला रोज खाली न्यायचे तरी कुठे?

मोबाइलचा आणखी एक परिणाम कोकणी-मराठी घरांत दिसतो. मूल कार्टूनची हिंदी किंवा इंग्रजी उत्तम बोलते, आणि आजीच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देते. पडदा मुलाशी बोलतो, पण मुलाचे ऐकत नाही. लहान मूल भाषा शिकते ते उलट बोलणाऱ्या माणसाकडून, त्याच्या चेहऱ्याकडे आणि हातातल्या वस्तूकडे पाहत. माध्यमाच्या प्रश्नावर हिरिरीने बोलणाऱ्या आपणा सर्वांनी ही बाजू अधिक गंभीरपणे घ्यायला हवी होती. पहिलीत कोणत्या भाषेचे पुस्तक हातात पडावे हे ठरेपर्यंत मुलाच्या भाषेचा पाया घालणारी वर्षे निघून गेलेली असतात.

ज्यांना काहीच परवडत नाही, त्यांची दुपार आणखी वेगळी. झुवारीनगर, बायणा, चिंबल, मडगावची मोतीडोंगर वस्ती या ठिकाणी राहणाऱ्या, मुख्यतः कर्नाटकातून आणि आता उत्तरेकडूनही आलेल्या कामगारांची मुले शाळेतून येतात तेव्हा घराला कुलूप असते किंवा घरात धाकटे भावंड सांभाळायचे असते. नऊ वर्षांची मुलगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन फिरते. आपल्या अनेक सरकारी मराठी प्राथमिक शाळा आज चालू आहेत त्या या मुलांच्या पटावर. घरी कन्नड किंवा लमाणी, शाळेत मराठी, मैदानावर कोकणी-हिंदी असे चार भाषांचे ओझे ही मुले सहज पेलतात. त्याबद्दल कौतुक दूरच, ‘भायलीं’ (बाहेरची) हा एकच शब्द त्यांच्या वाट्याला येतो. मूल स्वतःविषयी काय समजते हे ते आजूबाजूच्या तोंडांवरून वाचत असते, म्हणून हा शब्दही त्यांच्या संगोपनाचाच भाग आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. एकाच घरात, एकाच परिस्थितीत वाढलेली दोन भावंडे अगदी भिन्न निघतात. मग समाज आणि परिस्थिती यांना एवढे महत्त्व का द्यायचे? स्वभावाचा बराच भाग मूल जन्माला येतानाच घेऊन येते, हे खरेच आहे आणि जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांनी ते दाखवले आहे. पण याच अभ्यासांतली पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अमेरिकेतील एरिक टर्कहाइमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये असे दाखवले की सुस्थितीतील कुटुंबांत बुद्ध्यंकातील फरकांचा मोठा वाटा आनुवंशिकतेने स्पष्ट होतो, तर गरीब कुटुंबांत तो वाटा जवळजवळ नाहीसा होतो आणि परिस्थितीचाच प्रभाव उरतो. युरोपातील अभ्यासांत हा फरक इतका ठळक आढळलेला नाही, आणि जिथे सार्वजनिक सेवा सर्वांना पुरतात तिथे गरिबी मुलाला तेवढी दाबत नसावी, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. मला तो पटतो. रोमानियातल्या अनाथगृहांतील मुलांवर 2000 पासून झालेल्या अभ्यासात तर काही मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून कुटुंबांत पाठवली गेली आणि बाकीची संस्थेत राहिली. जी मुले सुमारे दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली, त्यांची वाढ सर्वांत चांगली झाली. बी आणि माती यांच्यातला वाद घालत बसण्यापेक्षा जे आपल्या हातात आहे त्याकडे पाहणे अधिक शहाणपणाचे.

आणि हे आपल्या हातात आहे, हे गोव्याने एकदा कायद्याने मान्यही केले आहे. मडगावात निराधार मुलांचा आधार म्हणून मिरवणारा फ्रेडी पीट्स 1991 मध्ये पकडला गेला आणि 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्या मुलांवर अत्याचार होत होते तेव्हा ती अरण्यात नव्हती, शहराच्या मध्यभागी होती. त्या धक्क्यातून पुढे गोवा बाल कायदा, 2003 आला. या कायद्याने केवळ गुन्हेगाराला शिक्षा सांगितली नाही. नातलग नसलेल्या व्यक्तीबरोबर मुलाला खोलीत प्रवेश देऊ नये ही जबाबदारी त्याने हॉटेलावर टाकली, मुलांची अश्लील छायाचित्रे धुण्यासाठी आली तर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी छायाचित्रे धुणाऱ्यावर टाकली, आणि मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय उभे केले. हॉटेलचा व्यवस्थापक आणि फोटो स्टुडिओचा मालक हे दोघेही परक्या मुलाचे राखणदार आहेत, असा या तरतुदींचा अर्थ होतो. आपल्या विधानसभेने केलेल्या कायद्यांत इतका दूरदर्शी विचार फार थोड्या ठिकाणी सापडतो.

दुर्दैवाने त्यातला शिक्षेचा भाग लोकांना ठाऊक झाला आणि संगोपनाचा भाग कागदावर राहिला. याच कायद्यात ग्राम बाल समितीची कल्पना आहे. आपल्या गावातल्या मुलांना काय हवे आहे हे पाहणारी आणि मुलांनाही त्यात बोलू देणारी अशी ही समिती. गोव्यात ग्रामसभा जिवंत आहेत, हे कोणीही रविवारी कुठल्याही पंचायतीत जाऊन पाहावे; मेगा प्रकल्प, कचरा, पाणी, डोंगरकापणी यांवर लोक तावातावाने बोलतात आणि सरपंचाला जाब विचारतात. त्या कार्यक्रमपत्रिकेवर मुलांचा विषय किती वेळा येतो? खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीचा, बांध कधी एका शेतकऱ्याच्या मालकीचा मानला गेला नाही. तो फुटला तर खारे पाणी सगळ्यांच्या भातात शिरते हे ओळखून गावाने त्याच्या डागडुजीची सामूहिक व्यवस्था लावली होती. मुलांच्या दुपारीबद्दलही तशीच व्यवस्था लावणे पंचायतीला अशक्य नाही.

ती कशी असावी याचा आराखडा मराठी माणसाला बाहेर शोधायला नको. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघांसह आधी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालशाळा वस्तीतल्या अंगणात नेली, कारण आदिवासी मुले शाळेपर्यंत येत नव्हती. जागा वस्तीतली, साधने बिया-शिंपल्या-पानांची, आणि शिकवणारी बाई मुलांच्या ओळखीची. आपल्याला हेच दुपारच्या वेळेत आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी करायचे आहे. सरकारी प्राथमिक शाळांच्या इमारती दीडनंतर रिकाम्या असतात, आणि पटसंख्या घटल्यामुळे बंद पडलेल्या कित्येक इमारती तर दिवसभर. छप्पर आहे, संडास आहे, बहुतेक ठिकाणी थोडेबहुत आवारही आहे. अडीच ते साडेपाच या वेळात ती आवारे उघडी राहावीत, तिथे एक जबाबदार प्रशिक्षित व्यक्ती आणि एक मदतनीस असावी, पुस्तकांचे कपाट असावे, आणि बाकीचा वेळ मुलांचा मुलांनी ठरवावा. अभ्यास घेण्याचा आग्रह तिथे मुळीच नको, नाही तर वर्षभरात त्याचीही शिकवणी होईल. गावातला घुमट वाजवणारा, मातीची भांडी करणारी कुंभारीण, निवृत्त शिक्षिका यांनी आठवड्यातून एकदा तिथे येऊन बसावे. आणि या वेळी घुमट मुलींच्याही हातात द्यावे, कोणाच्याही मुलाने कोणत्याही भांड्यातले पाणी प्यावे.

हे काम अंगणवाडी सेविकांवर मात्र लादू नये. निवडणुकीच्या याद्यांपासून पाहण्यांपर्यंत सगळी कामे तुटपुंज्या मानधनात त्यांच्याकडून करून घेतली जातात आणि मग मुलांकडे लक्ष देत नाहीत म्हणून त्यांनाच बोल लावला जातो. या कामासाठी वेगळी माणसे नेमून त्यांना नियमित वेतन द्यावे लागेल. पैशांचा प्रश्न खराच आहे, पण इमारतीचा खर्च नाही, आणि पर्यटन व उद्योग यांच्यामुळे आईवडील घराबाहेर राहतात तर या खर्चाचा वाटा त्या क्षेत्रांनीही उचलणे न्याय्य आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, असे बंधन मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने 2017 मध्येच घातले. त्याची अंमलबजावणी झाली तर सगळ्यांत लहान मुलांचा प्रश्न बराच हलका होईल आणि पंचायतींना सहा ते बारा वयाच्या मुलांकडे लक्ष देता येईल.

या केंद्रांच्या नोंदवहीत कोणाची नावे येतात, यावर सगळे अवलंबून आहे. ग्रामसभेत मत देण्याचा अधिकार मतदारयादीतल्यांना असतो. झुवारीनगरच्या भाड्याच्या खोलीतली किंवा डिचोलीजवळच्या बांधकामावरच्या झोपडीतली मुले त्या यादीत कोणाच्याच नावामागे नसतात. म्हणून ग्राम बाल समितीने वर्षातून दोनदा, म्हणजे स्थलांतरित कुटुंबे नव्याने येण्याच्या आणि शाळा भरण्याच्या सुमारास, आपल्या हद्दीतल्या प्रत्येक घराची व बांधकामाच्या जागेची फेरी करून तिथल्या मुलांची यादी करावी, आणि केंद्रात प्रवेश देताना मतदार ओळखपत्र, आधार किंवा रहिवासी दाखला यांपैकी काहीही मागू नये. मुलाचे नाव, वय आणि संध्याकाळी त्याला घ्यायला कोण येणार, एवढी माहिती त्या नोंदवहीला पुरेशी आहे.